रिंगरोडचे पैसे आलेत, आबा पतसंस्थेत ठेवायचं म्हणतायत, काय करावं?

रिकामी_बैलगाडी

नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर आमची ३१ गुंठे जमीन पुण्याच्या रिंगरोडमध्ये गेली. हवेली तालुका, गावाचं नाव लिहीत नाही, भावकीतले लोक इथं वाचतात. संमतीनं दिली तर २५ टक्के जास्त म्हणून आबांनी (माझे वडील) मुदतीत संमतीपत्र दिलं, मग प्रांत ऑफिसच्या चकरा, मध्येच सातबाऱ्यावर वारलेल्या आजीचं नाव निघालं म्हणून परत वारसनोंद, असं करत करत गेल्या महिन्यात खात्यावर ८६ लाख आणि वर काही हजार जमा झाले. मेसेज आला तेव्हा आबा गोठ्यात होते, चष्मा घरात. मला फोन लावून एकेक आकडा वाचून दाखवत होते आणि मी कंपनीच्या बसमध्ये बोटांवर मोजत होतो. दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर आबा म्हणाले, "म्हणजे विहिरीवरचं गेलंच की रं आता." तोपर्यंत त्यांना बहुतेक ते गेल्यासारखं वाटलंच नव्हतं.

आता घरातली परिस्थिती. आबा ६८, आई ६३. गावातल्या पतसंस्थेचे चेअरमन आबांचे शाळेपासूनचे मित्र. पैसे जमा झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन घरी हजर, त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. म्हणाले ११ टक्के व्याज, ज्येष्ठांना अर्धा टक्का वर, ४० लाख ठेवा, व्याज दर महिन्याला घरपोच. आबांना पटलंय. बँकेत विचारलं तर ज्येष्ठांना सात टक्क्यांच्या आतबाहेर, आणि मॅनेजर म्हणाला रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२५ मध्ये रेपो रेट (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ५.२५ वर आणलाय, अजून खाली जाऊ शकतं. धाकट्या भावाला जेसीबी घ्यायचाय, म्हणतो रिंगरोडचं काम आपल्याच दारात आहे, आणि तो मोबाईलवर शेअरबाजारातलं ऑप्शनपण करतो, त्यात किती घातलेत ते सांगत नाही. आई म्हणते पाटल्या कर आणि उरलेलं बँकेत टाक, बाकी मला काय कळत नाही.

सोसायटीचं २ लाख ४० हजारांचं पीककर्ज आहे, ते फेडून टाकावं का? आणि या पैशांवर टॅक्स बसतो का? गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो. ११ टक्के खरंच इतकं वाईट आहे का, की मी उगाच घाबरतोय?

निवृत्त_रोखपाल

उगाच घाबरत नाही तुम्ही. बँकेत ३४ वर्षं काढली म्हणून सांगतो.

आधी टॅक्सचं, कारण ते सोपंय. खेड्यातली शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरतच नाहीत. पण हवेली म्हणजे पुणे शहर जवळ, १० लाखांवर लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत (सरळ रेषेत, रस्त्यानं नाही) असाल तर ती शहरी शेतजमीन झाली. तरी घाबरू नका, सक्तीनं संपादित झालेल्या शहरी शेतजमिनीला आयकरात सूट आहे (१९६१ च्या कायद्यात ते कलम १०(३७) होतं), आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडील ती कसत असले पाहिजेत, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं मोबदला करमुक्त ठेवणारं कलम ९६ वेगळंच. पण निवाड्याची प्रत आणि पीकपाण्याची नोंद असलेला सातबारा घेऊन चांगल्या सीएकडे एकदा जाच, दोन-चार हजार जातील. मोबदला उशिरा मिळाल्याबद्दल वेगळं व्याज दिलं असेल तर ते मात्र करपात्र, त्यातला निम्मा भाग वजा मिळतो. लोक हे विसरतात आणि मग नोटीस येते.

पीककर्ज घाईनं फेडू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर आपल्याकडे शून्य टक्के पडतं. फुकटचे पैसे फेडायची घाई कशाला, मुदतीच्या आत भरा म्हणजे झालं. फक्त जमीन कमी झाली की पुढच्या वर्षीची कर्जमर्यादा बदलेल, ते सचिवाला विचारून ठेवा.

आता ११ टक्के. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि ठेवींवर विमा नसतो. पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत, ती बँक नाही. बँकेत, मग ती सहकारी का असेना, माणशी ५ लाखांपर्यंत मुद्दल अधिक व्याज विमा असतो. आधी ही मर्यादा १ लाख होती, कितीतरी वर्षं, ५ लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचा धुरळा उडाल्यावर. पीएमसीला सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लागले तेव्हा पहिल्या दिवशी काय मर्यादा होती आठवतंय? खात्यातून हजार रुपये, सहा महिन्यांसाठी. जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, ५ लाखांपर्यंतचे मिळाले, त्यावरच्यांचे हप्ते दहा वर्षांवर गेलेत. फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं तेच, ती पुढे ऑगस्टात सारस्वत बँकेत गेली म्हणून लोक सुटले. या दोन्ही बँका होत्या, वर रिझर्व्ह बँक होती, विमा होता, तरी हे. पतसंस्थेत यातलं काहीच नाही, तिथं ठेवीदारासाठी १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, म्हणजे गुन्हा दाखल, संचालकांच्या मालमत्ता जप्त, कोर्ट, लिलाव. तारखा मोजायला नातू लागतो.

मग काय करायचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा मोठ्या बँकेत, सध्या ८.२ टक्के, माणशी ३० लाख. आबांचे ३० आणि आईंचे ३० वेगळे. उघडताना जो दर तोच पाच वर्षं, नंतर बदलला तरी तुम्हाला फरक नाही. दर तिमाहीला ३० लाखांवर ६१,५०० रुपये, दोघांचे मिळून १ लाख २३ हजार. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, जोडखात्यात १५ लाख, ७.४ टक्के, महिन्याला ९,२५०. झाले ७५ लाख, महिन्याला सरासरी पन्नास हजारांच्या वर. उरले ११, त्यातले काही मोठ्या बँकेत तीन-तीन लाखांच्या पावत्या, एकच मोठी पावती करू नका, अडचणीला सगळी मोडावी लागते.

दोन बारीक गोष्टी. आईंच्या नावावर आबांनी पैसे दिले तर त्यावरचं व्याज करासाठी आबांच्याच उत्पन्नात धरतात. सगळं व्याज मिळून वर्षाला सहा लाखांच्या आसपास जाईल, नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळे चिंता नाही, पण विवरणपत्र भरा. आणि ज्येष्ठ नागरिक योजना वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याज मुद्दलातून परत कापतात, दुसऱ्या वर्षात दीड टक्का, त्यानंतर एक टक्का.

साडेअकरा आणि आठ पूर्णांक दोन यातला फरक ४० लाखांवर वर्षाला १ लाख ३२ हजार. तेवढ्यासाठी चाळीसच्या चाळीस पणाला लावायचे का, हे आबांना असंच विचारा, टक्क्यांत नाही, रुपयांत.

किराणा_आणि_जनरल

रोखपाल साहेब माहिती चांगली दिलीत पण पतसंस्था म्हणजे चोर असा जो सूर असतो ना इथं, तो मला खटकतो. माझं दुकान २२ वर्षं पतसंस्थेवर चाललंय. राष्ट्रीयीकृत बँकेत ५ लाखांच्या कॅश क्रेडिटसाठी मला आठ महिने फिरवलं होतं, दर वेळी नवा मॅनेजर आणि दर वेळी तोच कागद. दिवाळीच्या तोंडावर माल भरायला रात्री साडेआठला पतसंस्थेच्या सचिवानं चेक दिलाय मला, दुकानात येऊन. बँक त्या वेळी शटर लावून घरी असते. गावाकडं दूधवाला, टपरीवाला, शिलाई मशीनवाली यांना कोण उभं करतं? सिबिल विचारणारे?

सगळ्या बुडत नाहीत. बघायचं कसं ते सांगा ना. वार्षिक अहवाल मागा, सभासदाला द्यावाच लागतो. त्यात थकबाकी किती टक्के, कर्ज कोणाकोणाला, संचालकांच्या नातेवाइकांना किती, राखीव निधी बाहेर बँकेत ठेवलाय की नाही. लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे का. सर्वसाधारण सभेला जाऊन बसा, पाच मिनिटांत 'मंजूर मंजूर' करून जेवायला उठतात की कोणी प्रश्न विचारतं ते बघा. मी स्वतः ठेव ठेवतो, पण ३ लाखांच्या वर कधीच नाही, आणि जिथं माझं कर्ज आहे तिथंच.

पिग्मीवाल्या_ताई

किराणा भाऊ, तुमचं खरंय, आणि तरी माझं ऐका.

मी ११ वर्षं पिग्मी (पतसंस्थेसाठी दारोदार घ्यायची रोजची छोटी ठेव) गोळा केली. नगर जिल्ह्यात, कुठली संस्था ते जाऊ द्या. सकाळी साडेसहाला भाजी मार्केट, मग एसटी स्टँडची रांग, दुपारी सराफ बाजार. कोणाचे ५० कोणाचे १००, चांभाराचे २०. हातात ते छोटं मशीन, पावती फाडून द्यायची, मला शंभरामागे तीन रुपये. लोक संस्थेला ओळखत नव्हते, मला ओळखत होते. 'ताई आहेत ना' म्हणून द्यायचे. मुलीच्या लग्नाला, बाळंतपणाला वर्षाची पिग्मी मोडायची, मी स्वतः पैसे नेऊन द्यायचे, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटायचं की मी काहीतरी चांगलं काम करते.

लेखापरीक्षणाचा वर्ग आमचा शेवटपर्यंत अ होता. अहवाल गुळगुळीत कागदावर, पहिल्या पानावर चेअरमन आणि मंत्री. शंका कधी आली म्हणाल तर, मोठ्या ठेवी मोडायला आलेल्यांना चहा पाजायला लागले तेव्हा. आधी चहा नव्हता, पैसे होते. मग 'सोमवारी या', मग 'मार्चनंतर या', मग अर्धे घ्या अर्ध्याची नवी पावती करा, अर्धा टक्का वाढवून देतो. हे लक्षात ठेवा, जाताना दर वाढतो. एका मंगळवारी सकाळी मशीन जमा करायला गेले तर शटर खाली आणि कागद चिकटवलेला, तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद.

लोक चेअरमनकडे गेले नाहीत हो. त्याच्या बंगल्याला कुत्रं होतं आणि वॉचमन. ते माझ्या घरी आले. कोथिंबीर विकणारी एक आजी रोज सकाळी यायची, भांडायची नाही, नुसती ओट्यावर बसायची. तिचे ४१ हजार होते. मी माझं मंगळसूत्र सोडून होतं नव्हतं ते विकून छोट्या-छोट्या लोकांचे जमेल तेवढे दिले, आजीचे दिले, सगळ्यांचे नाही देऊ शकले. मालमत्ता जप्त झाल्यात म्हणतात, अवसायक (बुडालेल्या संस्थेचा हिशोब मिटवणारा अधिकारी) आलाय, दर सहा महिन्यांनी फॉर्म भरून घेतात, आधारची झेरॉक्स जोडायची. सहा वर्षं झाली.

चेअरमन चांगला माणूस असेल तुमच्या आबांचा मित्र. आमचाही लोकांच्या मयताला सगळ्यात आधी यायचा.

किराणा_आणि_जनरल

ताई, काय बोलू. माझं ३ लाखांचं वाक्य तेवढं राहू द्या, बाकी मागे घेतो.

चहाटपरी

धाकट्या भावासाठी: शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ साली आकडे काढले होते, तीन वर्षांत फ्युचर ऑप्शन करणाऱ्या १ कोटींपेक्षा जास्त किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी २ लाख. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी. किती घातलेत ते सांगत नाही म्हणजे तो ९३ मध्ये आहे. फायदा झाला असता तर गावात फ्लेक्स लागला असता.

डिझेलमीटर

जेसीबीवर कोणीच बोललं नाही म्हणून टंकतोय, मोबाईलवरून आहे चुका होतील. माझ्याकडे एक आहे, जुना, सात वर्षं झाली. नवीन घेतला तर ३५ लाखांच्या आसपास जातो, मॉडेलवर. भाऊ म्हणतो काम दारात आहे, बरोबर, पण मोबदला फक्त तुम्हालाच मिळालाय का? गावात ज्याला ज्याला पैसे मिळाले त्यातले निम्मे हेच करणार. आमच्याकडे कॅनॉलचे पैसे आले तेव्हा एका गावात १४ मशिन झाल्या, तासाचा दर १२०० होता तो ८०० वर आला आणि वर ऑपरेटर मिळेना, जो मिळेल तो आगाऊ उचल घेऊन दुसरीकडे पळतो. तासाला चार-पाच लिटर डिझेल, टायर, बकेटचे दात, होज फुटला की दिवस गेला. मोठ्या रस्त्याचा मुख्य ठेकेदार स्वतःच्या मशिनी आणतो, आपल्याला काम देतो तो त्याचा सब ठेकेदाराचा सब ठेकेदार, आणि त्याची बिलं ९० दिवसांनी नाहीतर कधीच नाही. माझे एकाकडे १ लाख ७० हजार अडकलेत, फोन उचलतो, गोड बोलतो.

भाऊ मनापासून करणार असेल, स्वतः चालवणार असेल तर आधी वर्षभर कोणाच्या मशिनवर ऑपरेटर म्हणून बस म्हणावं. बसला तर मग सेकंडहँड बघा, तेही निम्मं कर्ज काढून, हप्ता त्याच्या नावावर. हप्ता असला की माणूस सकाळी सातला उठतो. बापाच्या पैशाची मशिन दहाला सुरू होते.

माळावरचा_बाभूळ

जमिनीचे पैसे जमिनीतच घालावेत असं आमचे वडील म्हणायचे. आम्ही तेच केलं, इकडचे एकरभर गेले आणि करमाळ्याकडे साडेचार एकर आले, ऐकायला भारी. तिथं बोअर ६०० फूट, दोन महिने पाणी, सामाईक बांधावरून दोन वर्षं दावा चालूय, आणि १७० किलोमीटरवर कोण कसणार. एजंटनं सात दिवसांत व्यवहार उरकला, मोबदल्याचे पैसे खिशात घेऊन फिरणारा माणूस त्यांना लांबून ओळखू येतो. तरी एक सांगतो, वडील दर पंधरा दिवसांनी एसटीनं जातात, बांधावर बसून भाकरी खातात आणि परत येतात. त्यांची बीपीची गोळी कमी झाली. हे कुठल्या टक्क्यात धरायचं ते रोखपाल साहेबांनी सांगावं.

घेणार असाल तर तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून, वर्तमानपत्रात नोटीस, आणि पावसाळा सोडून मे महिन्यात विहीर बघायला जा.

धाकटी_पाती

सगळे सल्ले वाचले. एक साधा प्रश्न, धागाकर्त्यांना. आबा, आई, तुम्ही, धाकटा भाऊ. तुम्हाला बहीण नाही का?

असेल तर तिचं मत धाग्यात का नाही? सातबाऱ्यावर आजीचं नाव होतं आणि वारसनोंद झाली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे जमीन वडिलोपार्जित दिसतेय. आजीच्या नावामुळे तुमच्या आत्यांचाही प्रश्न आला. २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच परत स्पष्ट केलं. आबांची स्वकष्टाची असती तर गोष्ट वेगळी होती.

माझ्या माहेरची जमीन गेली तेव्हा मला एक फोन आला, 'उद्या प्रांत ऑफिसला ये, सही लागते, येताना आधार आण.' गेले. भावानं वडापाव खाऊ घातला. कागद वाचायला मागितला तर म्हणाला तुझा विश्वास नाही का. सही केली. त्यातून त्याचं घर झालं, मला साडी आली, चांगली होती साडी, अजून नेसते. भांडण नाही आमचं. फक्त राखीला जाताना बसमध्ये दर वर्षी तो कागद आठवतो.

रिकामी_बैलगाडी

धाकटी पाती ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, माफ करा. आहे बहीण. मोठी आहे माझ्यापेक्षा, भोरला दिलीय. आत्या एकच, ती वारली, तिच्या मुलांनी वारसनोंदीच्या वेळीच हक्कसोड दिलं. ताईनं संमतीपत्र दिलंय की सगळी रक्कम आबांच्या खात्यावर जमा करावी. वडापाव नव्हता, मिसळ होती. बाकी सगळं तसंच.

आणि खरं सांगायचं तर अजून एक गोष्ट मी धाग्यात लिहिली नव्हती. माझं पुण्यात ३४ लाखांचं गृहकर्ज आहे. पतसंस्थेची भीती खरी आहे, पण मनात कुठंतरी होतं की आबांनी तिथं ठेवले नाहीत तर त्यातले १५-२० माझ्या कर्जात वळवता येतील. इथं कोणी तरी तेच सुचवेल आणि मी घरी दाखवीन असं वाटलं होतं. कोणी सुचवलं नाही.

निवृत्त_रोखपाल

गृहकर्ज बघितलं असतं तर सुचवलंही असतं, गणित म्हणून वाईट नाही ते. पण मग ते बहिणीला विचारून, आणि आबांना महिन्याचे पैसे कमी पडणार नाहीत हे बघून. आणि बाभूळरावांना उत्तर: बीपीच्या गोळीचा टक्का आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता, म्हणून आम्ही निवृत्त झालो की शेती घेतो. माझी आहे, वाईजवळ, तोट्यात.

पिग्मीवाल्या_ताई

बैलगाडी दादा, लिहिलंत हे बरं केलंत. आबांना पोस्टात नेताना बँकेचं चेकबुक न्या, एक लाखाच्या वर रोख घेत नाहीत. आणि वारसाचं नाव दोन्ही खात्यांना घाला, आमच्याकडे कितीतरी पावत्यांवर ती ओळ कोरीच होती.

रिकामी_बैलगाडी

तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगतो, इतक्या लोकांनी वेळ दिला.

रविवारी ताईला बोलावलं, भाऊजींसकट. आबांसमोर हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला, पिग्मीवाल्या ताईंचं सगळं आणि धाकटी पाती ताईंचं अर्धं, कारण वडापावपाशी आल्यावर ताई उठून आत गेली. आबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी धार काढून आल्यावर ताईला म्हणाले, "तुला किती पाहिजेत?" ती म्हणाली मला नकोत, पोरीच्या इंजिनिअरिंगची फी बघा जमलं तर. आई चुलीपाशी होती, तिथनंच ओरडली, "नकोत काय नकोत, मला माझ्या बापानं असंच विचारलं होतं आणि मी असंच म्हणले होते." मग जरा वेळ सगळे टीव्ही बघत बसलो, बंद होता टीव्ही.

शेवटी ठरलं ते असं. आबा-आईचे प्रत्येकी २५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, पोस्टात. पोस्टमास्तर इतकी मोठी रक्कम बघून म्हणाला जरा थांबा, हेड ऑफिसला फोन करतो, आणि करून आला तो एकदम आबांना 'साहेब' म्हणायला लागला. ताईच्या नावावर १५ लाख बँकेत, ते आबांनी बक्षीस म्हणून लिहून दिले, सीए म्हणाला वडिलांनी मुलीला दिलं तर कर नाही. बरोबरीचा हिस्सा नाही होत हा, मला माहितीय, ताईलाही माहितीय. आईच्या पाटल्या झाल्या, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी ऐकून तिनं एक तोळा कमी केला. माझ्या कर्जात काही नाही. पीककर्ज मार्चच्या आत भरणार.

पतसंस्थेत ५ लाख ठेवले आबांनी. मी बोललो, रोखपाल काकांचा रुपयांचा हिशोब पण सांगितला. म्हणाले, "त्याच्या तोंडावर नाही म्हणवत नाही, आणि बुडाले तर पाचच बुडतील." चेअरमन स्वतः पावती घेऊन आले होते घरी. आईनं चहा केला, तेव्हा पिग्मीवाल्या ताईंची आठवण झाली, पण इथं चहा आमचा होता.

धाकटा गप्प आहे. ऑपरेटर म्हणून बसायचं विचारलं तर म्हणाला बघू. जेसीबीचं कोटेशन आणून त्यानं टीव्हीवर ठेवलंय, अजून तिथंच आहे, कोणी हलवत नाही.